ऑफिसातल्या डेस्कटॉपना अँटीव्हायरस: हे काम नव्याने अंगावर आलेल्यांसाठी

इंदूरच्या सियागंजातली पेढी असो, सांवेर रोडवरचा कारखाना असो की रामबागेतलं सीएचं ऑफिस, दहा-बारा डेस्कटॉप असलेल्या जागी सहसा वेगळा आयटीचा माणूस ठेवलेला नसतो. ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं त्याला सांगितलं जातं, "जरा अँटीव्हायरसचं तू बघत जा." हा लेख त्या माणसासाठी किंवा बाईसाठी आहे.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो. ऑफिसात व्हायरस शिरतो तेव्हा चांगला अँटीव्हायरस त्याच्यापुढे हरलेला असतो असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा एखाद्या मशीनवर तो बंद असतो, त्याची मुदत संपलेली असते, नाहीतर "टॅली स्लो चालतं" म्हणून कुणीतरी अख्खा डी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेला असतो. म्हणून कोणत्या कंपनीचा घ्यायचा यापेक्षा तो प्रत्येक मशीनवर, रोज, पूर्ण चालू आहे का, हे बघणं जास्त महत्त्वाचं.

आधी मोजणी

एक वही घ्या किंवा एक्सेलची शीट उघडा. प्रत्येक डेस्कटॉपपाशी स्वतः जाऊन लिहा: मशीन कुठे आहे, कोण वापरतं, विंडोज कोणतं, रॅम किती, हार्डडिस्क की एसएसडी, अँटीव्हायरस कोणता आणि त्याची मुदत कधी संपते. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून येणाऱ्या चौकटीत 'विनव्हर' टाइप केलं की विंडोजची नेमकी आवृत्ती दिसते.

ती नीट बघा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण विंडोजमध्ये सापडलेली नवी भोकं बुजवणं थांबतं. अशा मशीनवर अँटीव्हायरस म्हणजे दाराला कुलूप, पण भिंतीला खिंडार. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि त्याच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. जुनी मशीनं यात बसत नाहीत. ती लगेच बदलता येत नसतील तर निदान इंटरनेट आणि ईमेलपासून बाजूला काढा.

मोजताना हमखास सुटतं ते गोदामातलं मशीन. बिल्टी किंवा डिस्पॅचच्या पावत्या काढायला ठेवलेला, धुळीने भरलेला तो जुना डेस्कटॉप कुणाच्या खिजगणतीत नसतो. पण तो त्याच लॅनवर, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर, असतो आणि हिशेबाच्या मशीनवरचा शेअर फोल्डर त्याला उघडता येतो. खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, या गोदामातल्या मशीनवर चालू झाला तर तो नेटवर्कवरून हिशेबाच्या फायलीही कुलूपबंद करू शकतो. हिशेबाच्या मशीनवर उत्तम अँटीव्हायरस असला तरीही, कारण घातक प्रोग्रॅम तिथे चालतच नाही, तो गोदामात चालतो. हिशेबाच्या मशीनला फक्त एवढंच दिसतं की ओळखीच्या मशीनवरून फायली बदलल्या जात आहेत. म्हणून दहापैकी नऊ मशीन सुरक्षित म्हणजे नव्वद टक्के काम झालं, असा हिशेब इथे चालत नाही.

बॅकअप, आणि तारीख

काहीही बसवण्याआधी बॅकअप घ्या. दोन यूएसबी हार्डडिस्क ठेवा. एक सम तारखांना, दुसरी विषम तारखांना. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवा, कारण सतत लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या लेखी आणखी एक ड्राइव्हच. दोन्हींपैकी एक रात्री ऑफिसबाहेर जावी.

जुन्या डेस्कटॉपवर दुसरी पायरी म्हणजे घड्याळ. मशीन चालू करताना 'सीमॉस चेकसम एरर' असं काही येऊन एफ १ दाबायला सांगत असेल किंवा तारीख दहा वर्षं मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. याचा अँटीव्हायरसशी काय संबंध, असं वाटेल. थेट संबंध आहे. अपडेट सुरक्षित जोडणीवरून येतात, त्या जोडणीचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच वैध असतं, आणि मशीनची तारीख त्याबाहेर असली की जोडणीच नाकारली जाते. मग लायसन्स चालू होत नाही, अपडेट अडकतात, आणि लोक इंटरनेटला नाहीतर अँटीव्हायरसला दोष देत बसतात.

बॅटरी सीआर २०३२, तीन व्होल्टची. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून (मशीन चालू होताना बहुधा डिलीट किंवा एफ २ दाबून) आतल्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो घ्या, विशेषतः साटा मोडचा. तो बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. मग मशीन बंद करा, पॉवर केबल भिंतीतून काढा, कॅबिनेटची बाजूची पाटी उघडा. धुळीखाली चांदीसारखी चकती दिसेल. कडेची छोटी पट्टी नखाने बाजूला ढकलली की ती उडी मारल्यासारखी वर येते. नवी बसवताना अधिक खूण असलेली बाजू वर ठेवा. पुन्हा चालू करून बायोसमध्ये तारीख भरा, फोटोप्रमाणे सेटिंग लावा आणि सेव्ह करून बाहेर या. दहा मिनिटांचं काम, पण ते राहिलं तर पुढची प्रत्येक पायरी अडते.

कोणता घ्यायचा

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासूनच असतो, वेगळे पैसे लागत नाहीत. चार-पाच मशीन असतील, सगळ्यांवर विंडोज ११ असेल आणि आठवड्याला कुणीतरी खरोखर तपासणार असेल, तर नीट लावलेला डिफेंडर पुरतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. मशीन त्याहून जास्त असली तर पैसे देऊन घेतलेल्या व्यावसायिक आवृत्तीचा खरा फायदा व्हायरस जास्त पकडण्यात नसून एकाच पडद्यावर सगळी मशीन दिसण्यात आहे. कोणाचा बंद आहे, कोणाचा अपडेट आला नाही, हे खुर्चीवर बसून कळतं. पुण्याच्या क्विक हीलचा सेक्राइट हा व्यवसायांसाठीचा प्रकार आहे, चेन्नईचं के ७ आहे, परदेशी कंपन्याही आहेत. विकत घेताना विचारा: मध्यवर्ती कन्सोल (सगळी मशीन दाखवणारा तो एक पडदा) आहे का, सेटिंगला पासवर्ड लावता येतो का, पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवता येतं का. घरगुती वापराची डबी ऑफिसात आणू नका. तिच्यात बहुधा यांतलं कन्सोल नसतं, आणि दहा डब्यांच्या दहा वेगळ्या मुदती सांभाळत बसावं लागतं.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये घेतलात किंवा ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि लायसन्सची की त्याच दिवशी वहीत उतरवा. प्रोग्रॅम मात्र कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच उतरवा. कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेला सेटअप नको.

जुना काढा, मग नवा

दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवले तर दुप्पट सुरक्षा मिळत नाही. एक फाइल उघडताना दोघेही तिच्यावर झडप घालतात, मशीन गोठतं, कधी एक दुसऱ्यालाच धोका समजतो. म्हणून आधी जुना अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. तरीही त्याचे अवशेष राहिले तर त्या कंपनीचं खास काढण्याचं साधन तिच्या वेबसाइटवर मिळतं, ते चालवा. बाहेरचा अँटीव्हायरस बसला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, तो बंद करायची गरज नसते.

मुदत संपलेला अँटीव्हायरस पुष्कळदा जागा अडवून बसतो. स्वतः नवे व्हायरस ओळखत नाही आणि डिफेंडरलाही पुढे येऊ देत नाही. नूतनीकरण करायचं नसेल तर तो काढून टाका. रीस्टार्टनंतर डिफेंडर जागा घेतो, तरी पडद्यावर खात्री करा.

याच वेळी मशीनवरचे क्रॅक केलेले प्रोग्रॅम आणि विंडोज 'अॅक्टिव्हेट' करणारी फुकटची साधनं काढा. ती चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीची रिटर्नं भरायच्या गडबडीत, हे बदल करू नका. नव्या अँटीव्हायरसच्या फायरवॉलमुळे, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या भागामुळे, डिजिटल सही करणारा एमसायनर हा प्रोग्रॅम अडकू शकतो. जीएसटी पोर्टलसाठी तो मशीनच्या आतच १५८५ हा पोर्ट वापरतो. सही होत नसेल तर फायरवॉलमध्ये फक्त त्या प्रोग्रॅमला परवानगी द्या, सगळी फायरवॉल बंद करू नका.

सेटिंग

डिफेंडर असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्जवर जा. रिअल टाइम प्रोटेक्शन, क्लाउडवरचं संरक्षण, नमुने आपोआप पाठवणं आणि टॅम्पर प्रोटेक्शन हे चारही चालू हवेत. टॅम्पर प्रोटेक्शन म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने मागच्या दाराने अँटीव्हायरस बंद करू नये यासाठीची कडी. अॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये जाऊन नको असलेली अॅप अडवण्याचं बटणही चालू करा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर येणारा बराच कचरा त्याने थांबतो. दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये नावं वेगळी असतात, पण शोधायचं हेच, आणि शिवाय सेटिंगला पासवर्ड. तो पासवर्ड मालक आणि तुम्ही, दोघांकडेच असावा.

पहिल्यांदा पूर्ण स्कॅन करा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर याला काही तास लागू शकतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी लावून द्या आणि मशीन झोपी जाणार नाही असं पॉवरचं सेटिंग ठेवा. त्यानंतर आठवड्याला एक पूर्ण आणि रोज एक झटपट स्कॅन पुरतो. वेळ जेवणाच्या सुट्टीची ठेवा. रात्री दोनची वेळ कागदावर छान दिसते, पण ऑफिसातली मशीन रात्री बंद असतात. मग राहिलेला स्कॅन सकाळी बिलांच्या गर्दीत सुरू होतो, आणि वैतागून कुणीतरी अँटीव्हायरसच बंद करतं. ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क असलेलं मशीन स्कॅनखाली रांगत असेल तर एसएसडी टाका. संरक्षण कमी करून वेग मिळवण्यापेक्षा ते बरं.

विंडोज अपडेट हा अँटीव्हायरसचाच अर्धा भाग समजा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला, तो कुणी काही क्लिक न करता, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका दोषातून, एका मशीनवरून दुसऱ्यावर. तो दोष बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी तो लावला होता त्यांच्यापाशी हे दार बंद होतं.

शेवटी, रोजच्या कामाचं खातं अॅडमिनिस्ट्रेटर नसावं. प्रत्येकासाठी स्टँडर्ड युझर खातं करा आणि अॅडमिन वेगळं ठेवा. चुकून काही उघडलं गेलं तरी पासवर्ड मागितल्याशिवाय ते मशीनभर पाय पसरू शकत नाही. हा एक बदल फुकट आहे आणि खूप उपयोगी आहे, तरी बहुतेक ठिकाणी केलेला नसतो.

वगळायचं किती

हिशेबाचा प्रोग्रॅम प्रत्येक एंट्रीला डझनभर छोट्या फायलींना हात लावतो आणि अँटीव्हायरस प्रत्येक वेळी त्या तपासतो, म्हणून गती मंदावते. यावर उपाय म्हणजे फक्त त्या कंपनीचा डेटा असलेला एक फोल्डर वगळणं, तेही खरोखर त्रास होत असेल तरच. पूर्ण ड्राइव्ह, डाउनलोड्स, डेस्कटॉप आणि टेम्प फोल्डर कधीही वगळू नका, बाहेरून येणारी घाण नेमकी तिथेच उतरते. प्रत्येक वगळणी वहीत कारणासह लिहा. सहा महिन्यांनी ती का केली होती ते कुणालाच आठवत नाही.

वगळलेल्या फोल्डरला उलट बाजूने आधार देता येतो. डिफेंडरमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस आहे. त्यात हा फोल्डर टाकला की फक्त विश्वासातले प्रोग्रॅमच त्यात लिहू शकतात. सुरुवातीला तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅमही अडू शकतो. प्रोटेक्शन हिस्टरीत त्याचं नाव बघून परवानगी द्या.

चालतोय का, बघा

हिरवी खूण दिसते म्हणजे काम चालू आहे असं गृहीत धरू नका. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल यासाठीच बनवलेली आहे. ती आयकार संस्थेच्या वेबसाइटवर मिळते, आणि बहुतेक सगळे अँटीव्हायरस ती मुद्दाम व्हायरस म्हणून पकडतात. प्रत्येक मशीनवर ती उतरवून बघा. अँटीव्हायरस लगेच आडवा आला तर ठीक. फाइल शांतपणे डेस्कटॉपवर येऊन बसली तर त्या मशीनवर रिअल टाइम प्रोटेक्शन चालत नाही किंवा ती जागा वगळलेली आहे. आपण नव्वद टक्के ठिकाणी लावलं आणि दहा टक्के राहिलं, हे याच चाचणीत उघड होतं.

पेन ड्राइव्ह

भंवरकुआंच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून परत आलेला पेन ड्राइव्ह लावा. उघडल्यावर सगळे फोल्डर जागच्या जागी दिसतात, फक्त प्रत्येकाच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण असतो. साइज एक-दोन केबी, पण ड्राइव्हची भरलेली जागा मात्र कित्येक जीबी. हा शॉर्टकट व्हायरस. खऱ्या फोल्डरांना त्याने लपवून टाकलेलं असतं आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवलेले असतात. बाणावर दोनदा क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मागोमाग खरा फोल्डर उघडतो, म्हणून वापरणाऱ्याला काही बिघडल्याचा संशयही येत नाही. पुढे जो ड्राइव्ह लावाल त्यावर तो उतरतो.

बाण दिसले तर काहीही उघडू नका. ड्राइव्हच्या अक्षरावर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग फाइल एक्स्प्लोररच्या ऑप्शनमध्ये लपवलेल्या फायली दाखवा आणि सिस्टीमच्या संरक्षित फायली लपवण्याची खूण काढा. अंधुक रंगातले खरे फोल्डर समोर येतील. त्यांच्या आतला मजकूर स्वच्छ जागी कॉपी करा, ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि खूण पुन्हा लावा. बाहेर प्रिंट काढायला द्यायचा ड्राइव्ह वेगळाच ठेवावा, त्यावर फक्त त्या दिवशीची फाइल असावी.

ईमेल आणि व्हॉट्सअॅप

फाइल एक्स्प्लोररमध्ये फायलींची एक्स्टेन्शन्स दाखवायचं सेटिंग सगळीकडे चालू करा. ते बंद असलं की 'नोटीस.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'नोटीस.पीडीएफ' दिसते आणि चित्रही पीडीएफचं असू शकतं. जीएसटीची नोटीस, कुरियरची पावती, थकलेलं बिल, बँकेचा निरोप या नावांनी येणाऱ्या झिप, आयएसओ आणि जेएस फायली उघडायच्या नाहीत, पाठवणाऱ्याला फोन करून विचारायचं. एक्सेल उघडल्यावर मॅक्रो (फायलीतच असलेला छोटा प्रोग्रॅम) चालू करा असं म्हणत असेल तर थांबायचं. व्हॉट्सअॅप वेबवर आलेली फाइलही डाउनलोड्समध्येच उतरते, ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून ती सुरक्षित होत नाही.

ब्राउझरमध्ये भोंगा वाजवत येणारा "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस, या नंबरवर फोन करा" हा पडदा खोटा असतो. टॅब बंद करा, न झाल्यास टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा. त्या नंबरवर फोन केला की दूरवरून मशीन ताब्यात घेणारं अॅप टाकायला सांगतात.

काही सापडलं तर

अँटीव्हायरसने इशारा दिला की आधी फाइलचं नाव आणि कुठे सापडली ते वाचा. डाउनलोड्समध्ये सापडून क्वारंटाइन झाली असेल, म्हणजे वेगळी ठेवली गेली असेल, तर ती बहुधा चालण्याआधीच अडवलेली असते. पण विंडोजच्या किंवा स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये वारंवार तेच नाव येत असेल तर ती कुठूनतरी पुन्हा पेरली जाते आहे. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण चालू होण्याआधी तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात.

फायलींची नावं बदलली, त्या उघडत नाहीत आणि पैशांची चिठ्ठी दिसली, तर क्रम असा. पहिल्यांदा त्या मशीनची लॅनची वायर काढा आणि वायफाय बंद करा, बाकीचं नंतर. शेअर फोल्डर असलेलं मशीनही नेटवर्कपासून तोडा. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो घ्या. बॅकअपची डिस्क त्या मशीनला चुकूनही लावू नका, आणि घाईने फॉरमॅट करू नका. कुलूपबंद फायलींची एक प्रत वेगळी ठेवा, कारण 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पावर काही जातींची कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते, तेव्हा ही जबाबदारी मालकाला आधीच सांगून ठेवा.

दर सोमवारी

दहा मिनिटं ठरवून घ्या. प्रत्येक मशीनवर चार गोष्टी: संरक्षण चालू आहे का, शेवटचा अपडेट कधीचा (दोन दिवसांहून जुना असेल तर कारण शोधा), शेवटचा स्कॅन कधी झाला, वगळण्याच्या यादीत नवं काही आलंय का. वहीत तारीख घालून खूण करा. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये काढून प्रत्यक्ष उघडून बघा. नेटवर्क नसलेल्या मशीनसाठी डिफेंडरच्या अपडेटची फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दुसऱ्या मशीनवर उतरवून नेता येते, तेही सोमवारीच करा.

लायसन्सची तारीख वर्षातून एकदाच येते, म्हणून ती हमखास निसटते. मुदतीच्या तीस दिवस आधीची आठवण मोबाईलमध्ये घाला, आणि एक आठवण मालकाच्या मोबाईलमध्येही, कारण पैसे तेच मंजूर करणार. मुदत दिवाळीच्या आसपास पडत असेल तर पहिल्याच वर्षी ती पुढे-मागे करून घ्या. वहीपूजनाच्या आठवड्यात ऑफिसात कुणाला दुसरं काही सुचत नाही.